‘द विच’ म्हणजे सेलम नव्हे

रॉबर्ट एगर्सचा ‘द विच’ (२०१५) पाहिलेले बरेच जण तो ‘सेलमवरचा सिनेमा’ म्हणून दुसऱ्याला सुचवतात. सिनेमा घडतो साधारण १६३० च्या सुमारास, न्यू इंग्लंडमधल्या (आजच्या अमेरिकेचा ईशान्य भाग) प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांच्या, वसाहतीच्या बाहेर. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचे चेटकाच्या आरोपावरचे खटले १६९२ चे. मधल्या काळात बरंच काही घडलं. मॅसॅच्युसेट्सने चेटकाला देहदंड हा नियम लिहून काढला १६४१ मध्ये, आणि न्यू इंग्लंडमध्ये चेटकीण म्हणून पहिली फाशी झाली १६४७ साली, कनेक्टिकटमध्ये, ॲलिस यंग हिला. सिनेमातलं कुटुंब रानाकडेला राहायला गेलं तेव्हा तिकडे या आरोपावरून कोणी फासावर गेलं नव्हतं.

न्यायनिवाडा सिनेमातही आहे, पण सुरुवातीलाच आणि वेगळ्या कारणाने. वसाहतीतले लोक कुटुंबाचा बाप विल्यम याला पुरेसे कर्मठ वाटत नाहीत. तो वाद घालतो आणि हद्दपार होतो. मग उरतात नवरा-बायको, पाच मुलं, बकऱ्या आणि मक्याचं शेत. मका सडतो, सापळे रिकामे राहतात, तान्हा सॅम्युअल थोरल्या मुलीच्या, थॉमसिनच्या, समोरून नाहीसा होतो. बाळाचा बाप्तिस्मा झालेला नाही, मग ते नरकात गेलं का, असं मुलगा केलब विचारतो आणि बापाला उत्तर देता येत नाही. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय, माणसाला ते कळणार नाही, अशी ही श्रद्धा. त्यात विल्यमने बायकोचा चांदीचा पेला गुपचूप देऊन सापळे आणलेले, आणि आळ थॉमसिनवर आला तरी तो गप्प. माझ्या मते सिनेमातली खरी भीती या गप्प बसण्यात आहे, सैतान ज्याच्या रूपात येतो तो बोकड नंतरचा.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी : या सिनेमात चेटकीण खरी आहे. बाळाच्या चरबीचं मलम फासून चेटकिणी उडतात हा त्या काळचा समज, आणि कॅमेरा तो जसाच्या तसा खरा मानतो, तेही सुरुवातीच्याच भागात. ‘अंधश्रद्धेने एका निष्पाप मुलीचा बळी घेतला’ अशा चष्म्यातून पाहिलं तर शेवट पटत नाही, आणि दिग्दर्शक गोंधळला असं वाटतं. तो गोंधळलेला नाही. प्युरिटन माणसाला जग जसं दिसत होतं तसं तो दाखवतो.

सेलममध्ये याच्या बरोबर उलट. तिथे चेटकीण नव्हतीच. होते कागद, वॉरंट, जबाब. १६९२ च्या सुरुवातीला पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरात त्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची ॲबिगेल यांना झटके येऊ लागले. कोर्टात सगळ्यात घातक ठरली ती छायारूपाची साक्ष : ‘अमकीचं रूप येऊन माझा गळा दाबतं.’ हे रूप फक्त फिर्यादीला दिसायचं, त्यामुळे ‘मी त्या वेळी घरी होते’ या बचावाला किंमतच उरली नाही. गव्हर्नर फिप्सने ऑक्टोबरमध्ये या खटल्यांसाठी नेमलेलं खास न्यायालय मोडलं. १६९३ च्या जानेवारीत बसलेल्या नव्या न्यायालयाने ही साक्ष बाजूला ठेवली आणि बहुतेक आरोपी सुटले. तोवर १४ बायका आणि ५ पुरुष फासावर गेले होते. ज्युरीपुढे खटला चालवून घ्यायला नकार देणारा म्हातारा जाईल्स कोरी दगडांच्या ओझ्याखाली चिरडून मेला. जाळलं कोणालाच नाही. इंग्रजी कायद्यात या गुन्ह्याला फाशीच होती.

सेलमचा सर्वांत विचित्र भाग कबुलीचा. कबूल करणारे वाचले, नाकारणारे गेले. सॅम्युअल वॉर्डवेलने आधी कबुली दिली, मग मागे घेतली, आणि लटकला. जॉर्ज बरोज या पाद्र्याने फासाखाली उभं राहून प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हटली. चेटक्याला ती जमत नाही अशी समजूत होती, तरी त्याला सोडलं नाही. सिनेमातली जुळी मुलं आपल्याला प्रार्थना आठवत नाही म्हणतात ते याच समजुतीच्या आधाराने. जुळ्यांना घाबरवायला थॉमसिन ‘मीच चेटकीण’ म्हणते आणि तेच पुढे तिच्या अंगाशी येतं. सिनेमातली सैतानाच्या वहीत सही करण्याची कल्पनाही सेलमच्या जबाबांत आहे : पॅरिसच्या घरातली गुलाम बाई टिटुबा हिने त्या वहीत नऊ खुणा असल्याचं सांगितलं होतं. गल्लत होते ती अशा समान धाग्यांमुळे.

आणखी एक गल्लत बुरशीची. सेलमच्या मुलींना राय धान्यावरच्या अरगट या विषारी बुरशीने भ्रम झाला, अशी मांडणी १९७६ मध्ये झाली आणि त्याच वर्षी ती खोडूनही काढली गेली. आपल्याकडे बाजरीवर येणारा अरगट याच कुळातला. सिनेमातला सडका मका पाहून अनेक जण ही मांडणी त्यालाही चिकटवतात, पण युरोप आणि न्यू इंग्लंडमधला अरगट मक्यावर येत नाही.

ठिकाणं पाहायची असतील तर : ‘द विच’चं चित्रीकरण कॅनडातल्या ओंटारिओत झालं. पॅरिसच्या घराचा पाया सेलम शहरात नाही, डॅन्व्हर्समध्ये आहे. पॅरिस राहायचा ते तेव्हाचं सेलम व्हिलेज हेच. फाशीची जागा, प्रॉक्टर्स लेज, मात्र सेलममध्येच आहे. २०१६ मध्ये ती नक्की झाली आणि पुढच्या वर्षी तिथे स्मारक झालं.