मचाण निरीक्षण (येऊर)

पाणवठ्याजवळ झाडावर किंवा उंचवट्यावर बांधलेल्या मचाणावर बसून, पाण्यावर येणारे वन्यप्राणी पाहण्याची व त्यांची नोंद करण्याची पद्धत. मचाण म्हणजे शेतात राखणीसाठी घालतात त्या माळ्याचाच जंगलातला भाऊ. पूर्वी शिकारी त्यावर बसत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक गेली, बसणे राहिले.

येऊर हा सुमारे १०४ चौ. किमी. पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडील भाग. उपवन तलावाच्या बाजूने वळणावळणाचा रस्ता चढला की वनखात्याचे फाटक लागते. पुढे पाटोणपाडा, जांभूळपाडा, रोनाचा पाडा असे आदिवासी पाडे आहेत. वारली लोकांचा वाघोबा हा देव. त्यांच्या लेखी बिबट्याही वाघातच मोडतो.

पाड्यांपलीकडची पायवाट फार लांब नसते, पण उन्हाळ्यात ती सोपीही नसते. सागाची वाळलेली पाने पापडासारखी वाजतात आणि माणूस पोहोचण्याआधी त्याची वर्दी पोहोचते. म्हणून दुपारी उन्हे कलण्याआधीच वर चढून बसतात आणि उजाडेपर्यंत उतरत नाहीत.

यासाठी वैशाखी म्हणजे बुद्ध पौर्णिमेची रात्र निवडतात. ओढे आटलेले, पाणी मोजक्याच जागी, तेव्हा जनावराला तिथे यावेच लागते; आणि बॅटरी न लावता दिसेल इतके चांदणे असते. ऐन वेळी ढग आले तर सगळा बेत फसतो. वळवाची सर पडून गेली तर आणखी वाईट: डबकी जागोजागी भरतात आणि पाणवठ्यावर यायची कुणाला गरजच उरत नाही.

या उपक्रमाला बोलीत सर्रास ‘प्राणीगणना’ म्हणतात. ते नाव फार मनावर घेऊ नये. एकच सांबर दोनदा पाणी प्यायला आले तर कागदावर दोन सांबरे होतात, आणि लाजरे पिसोरी हरीण झुडपातूनच परत फिरले तर शून्य. बिबट्यांची मोजणी वेगळ्या रीतीने होते. प्रत्येकाच्या अंगावरील ठिपक्यांची ठेवण निराळी असल्याने स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून ते ओळखता येतात; २०१५ मध्ये उद्यान व लगतच्या परिसरात असे ३५ बिबटे ओळखले गेले. वनखात्यानेही अलीकडे मचाणावरच्या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणायला सुरुवात केली आहे, आणि ते नाव जास्त प्रामाणिक आहे.

दिवस मावळताना वानरे, मोर, रानडुकरे दिसण्याची आशा असते. मे महिन्याच्या अखेरीस नवरंग पक्ष्याची दोन स्वरांची शीळ ऐकू येते. अंधार पडल्यावर मात्र डोळ्यांपेक्षा कानांचे काम जास्त. रातवा या निशाचर पक्ष्याची टकटक चालू राहते. मध्येच भेकर कुत्र्यासारखे भुंकते, सांबर एकच खणखणीत ‘पोंक’ काढते. हे इशारे सरकत पाण्याकडे येऊ लागले की बिबट्या वाटेवर आहे असे अनुभवी वनरक्षक खुणेने सांगतो. बिबट्याचा स्वतःचा आवाज लाकडावर करवत ओढल्यासारखा. अनेकांच्या वाट्याला एवढेच येते.

अत्तर, भडक कपडे, धूम्रपान, कुजबुज वर्ज्य. वाऱ्याची दिशा पाहून बसावे लागते, कारण सांबराचे नाक त्याच्या डोळ्यांहून तिखट. ही सारी शिस्त पाळूनही येऊरला एक अडचण उरते. वैशाख म्हणजे लग्नसराई. जंगलाला खेटून शहर असल्याने एखाद्या रात्री भेकराच्या भुंकण्यावर खालून बँडबाजा मात करतो. मचाणावर कुणी खोकले तरी रागाने पाहणाऱ्या मंडळींना त्यापुढे काहीच करता येत नाही.

पहाटे उतरल्यावर फाटकाकडे धावण्याआधी काठचा चिखल पाहावा. रात्रभर कोरा राहिलेल्या नोंदतक्त्याशेजारी तिथे कधी चार बोटांचा, नखे न उमटलेला गोल ठसा पाणी भरून बसलेला असतो.