'किती वॅटचा हाय?' हा प्रश्न आला कुठून

सोलापुरात घरी नवा अँप्लिफायर आणला की बघायला आलेला पहिला माणूस विचारणार, किती वॅटचा हाय बे? आवाज कसाय हे मागाहून, नाहीतर नाहीच. गड्ड्याची जत्रा आणि गणपतीच्या मिरवणुका बघत वाढलेलं गाव, छातीत धडधडलं तरच आवाज म्हणायचा, पण या प्रश्नाची मुळं गावाबाहेरची आहेत आणि बरीच जुनी.

ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या रेडिओतून जेमतेम चार-पाच वॅट निघायचे आणि तेवढ्यात अख्ख्या वाड्याला विविध भारती ऐकू जायची. कारण स्पीकरच तसले, थोडक्या पॉवरवर मोठ्यानं बोलणारे. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विलचुरनं छोट्या हवाबंद पेटीतून खोल बास काढून दाखवला, पेटी घरात मावायला लागली खरी पण तिच्यातला स्पीकर हलवायला ताकद जास्त लागायची. वॅटची भूक लागायला तिथनं सुरुवात झाली, आणि साठच्या दशकात पॉवर ट्रान्झिस्टर आले तसे वॅट स्वस्तही होत गेले. आपल्याकडं १९९१ पर्यंत बाहेरचा माल सहज मिळायचा नाही म्हणून सुटे भाग जोडून केलेल्या असेंबल सेटचं राज्य, टू-एन-३०५५ या पॉवर ट्रान्झिस्टरची जोडी नाहीतर एसटीके हा तयार अँप्लिफायरचा आयसी, लाकडी खोकं, पुढं नाचणारे लाल-हिरवे लाईट. बनवणारा सांगेल तेवढे वॅट.

तिकडं अमेरिकेतही कंपन्या वाट्टेल तो आकडा छापायच्या, शेवटी १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं नियम केला की सतत देता येतील तेवढेच वॅट सांगा, किती ओहमच्या स्पीकरला आणि किती डिस्टॉर्शनला (मूळ आवाज किती बिघडतो) तेही सांगा. आपल्याकडं नव्वदच्या दशकात त्याच्या बरोबर उलटं झालं, पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा! पुढं स्टिकर २००० वॅटचा आणि मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात वीज लागते ५०-६० वॅट, म्हणजे विहिरीत पाणी नाही आणि टाकी ओसंडून वाहतीय. त्यात वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात, हे दुकानात कोण सांगणार.

वॅटनंतर दुसरा आकडा आला डिस्टॉर्शनचा. हॅरॉल्ड ब्लॅकनं १९२७ मध्ये निगेटिव्ह फीडबॅक शोधला होता, आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला द्यायचा म्हणजे चूक आपोआप कमी होते. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी त्या जोरावर ०.१, ०.०१ टक्के अशी शर्यतच लावली. पण कागदावर इतकं चांगलं असून काही सेट कानाला टोचतात अशी तक्रार व्हायला लागली आणि मग पारडं एकदम दुसरीकडं झुकलं, मीटर राहूद्या, कान सांगेल ते खरं. १९७८ चा एनएडी ३०२० हा अँप्लिफायर फक्त २० वॅटचा, तरी लोकांनी डोक्यावर घेतला.

पण कान तर पक्का फसवा. आवाज वाढवला की बास आणि बारीक सूर जास्त भरतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय, आणि दुकानदाराला ते न वाचताही माहीत असतं (महागडा सेट दाखवताना नॉब हळूच पुढं जातो, बघा कधी). १९८५ मध्ये अँप्लिफायर बनवणाऱ्या बॉब कार्वरनं एका ऑडिओ मासिकाशी पैज घेऊन आपला स्वस्त ट्रान्झिस्टर अँप्लिफायर एका महागड्या व्हॉल्व्हवाल्यासारखा ट्यून केला, दोन्हीचे आउटपुट एकमेकांतून वजा करत करत, आणि त्या मासिकाच्या समीक्षकांना फरक ओळखता आला नाही. आवाज सारखा करून, डोळ्याआड तुलना करायचा आग्रह त्याच दशकात वाढला.

आमच्या घरचा असेंबल सेट घुं घुं करायला लागला तेव्हा मीपण आधी अपग्रेडच केला, क्लास-डीचा (वीज कमी वाया घालवणारा) चायना बोर्ड आणला, ५० वॅट प्लस ५०, आणि लावल्या लावल्या म्हणलं काय आवाज आहे! मग जुन्याचे फिल्टर कपॅसिटर (आत येणारी वीज सपाट करणारे) बदलले. इथं मे महिन्यात ४२-४३ डिग्री, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० डिग्रीला साधारण निम्म्यावर येतं, त्यामुळं ते सुकलेच होते. घुं घुं गेली, बासही परत आला. मग ४०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टोकांना मल्टीमीटर धरून दोन्ही सेट सारख्या व्होल्टेजवर आणले, १ टक्का फरक म्हणजे जेमतेम ०.१ डेसिबल, आणि दाजींना पडद्यामागं वायरी बदलायला बसवलं. १६ पैकी ९ वेळा बरोबर ओळखलं, नाणं उडवून आठ आलेच असते.

जुना सेट हॉलमध्येच राहिला. चायना बोर्ड दाजी त्यांच्या कारखान्यात घेऊन गेले, तिथं लूमचा खडखडाट ९० डेसिबलच्या वर, त्यात गाणं ऐकायचं तर वॅट लागतातच.