ऑस्ट्रेलियातल्या स्की रिसॉर्टमध्ये हंगामी काम: ४६२ व्हिसाची सोडत, पात्रता आणि कागदपत्रं

परदेशी स्की रिसॉर्टमध्ये एक हंगाम काम करायचं म्हटलं की बहुतेकांना कॅनडा आठवतो. पण जगभरातली तरुण मुलं ज्या ‘इंटरनॅशनल एक्स्पिरियन्स कॅनडा’ योजनेवर तिथे जातात, तिच्यात भारत नाही. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी आज सरळ आणि कायदेशीर वाट ऑस्ट्रेलियाची आहे: ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा, सबक्लास ४६२. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारातून ही सोय झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून भारतीयांना लागू झाली. वर्षाला जागा फक्त १,०००. तिथलं व्हिसाचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं मोजतात.

या व्हिसाला नोकरीचं पत्र लागत नाही, कुठलं रिसॉर्ट तुम्हाला त्यासाठी ‘स्पॉन्सर’ही करत नाही. आधी सोडत, मग व्हिसा, मग नोकरी, असा क्रम आहे. ‘आधी रिसॉर्टचं ऑफर लेटर घ्या, त्याचे पैसे भरा, मग हा व्हिसा नक्की’ असं कुणी सांगत असेल तर तिथूनच परत फिरा. सोडत संगणक काढतो. त्यात कुठल्याही एजंटचा हात पोहोचत नाही.

पात्रता

वय १८ ते ३०, म्हणजे एकतिसावा वाढदिवस व्हायच्या आत. बारावीनंतर किमान दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची पात्रता हवी, त्यामुळे पदवीधर आणि डिप्लोमावाले दोघेही बसतात. सोबत अवलंबून असलेली मुलं नेता येत नाहीत. यापूर्वी ४६२ किंवा ४१७ (इतर काही देशांसाठीचा असाच ‘वर्किंग हॉलिडे’ व्हिसा) यावर ऑस्ट्रेलियात गेलेले नसावेत.

इंग्रजी ‘फंक्शनल’ पातळीचं पुरतं. आयईएलटीएसमध्ये चारही भागांची सरासरी ४.५ आली तरी चालते, परीक्षा मात्र अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांतली असावी. पूर्ण प्राथमिक आणि माध्यमिकची किमान तीन वर्षं इंग्रजी माध्यमातून झाली असतील, तर त्याचा पुरावाही चालतो. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी यामुळे मागे हटू नये. ४.५ ही पदवी पूर्ण केलेल्या माणसाला थोड्या सरावाने जमणारी पातळी आहे.

खात्यात सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर असल्याचं दाखवावं लागतं, शिवाय परतीच्या किंवा पुढच्या प्रवासाच्या तिकिटाचे पैसे. रुपयांत हे, दरानुसार, तीन लाखांच्या आसपास जातं. ही रक्कम कुणाला द्यायची नसते, ती तुमचीच राहते. पण अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून उसनी आणून खात्यात टाकली की ती स्टेटमेंटमध्ये लगेच उठून दिसते. काही महिने आधीपासून जमवत गेलेलं बरं.

सोडतीची नोंदणी

ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर ‘इमीअकाउंट’ नावाचं खातं उघडायचं आणि त्यातून नोंदणी करायची. शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. पहिल्या वर्षी नोंदणी १ ते ३१ ऑक्टोबर २०२४ अशी महिनाभर खुली होती. तारखा दर वर्षी जाहीर होतात, तेव्हा गृहखात्याच्या पानावर स्वतः लक्ष ठेवा. एका माणसाची एका वर्षात एकच नोंदणी. पहिल्या फेरीत पहिल्या दोनेक आठवड्यांतच ४०,००० च्या आसपास लोकांनी नोंदणी केली होती, हे लक्षात घेऊन मनाची तयारी ठेवावी. नंबर लागेल या भरवशावर हातातली नोकरी सोडू नका.

नोंदणीच्या वेळी पासपोर्ट आणि पॅन कार्ड, दोन्ही लागतात. इथे आपल्याकडच्या मुलामुलींना हमखास अडचण येते ती नावाची. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. पॅनवर वडिलांचं नाव मधे कधी असतं, कधी नसतं. त्यात स्पेलिंग: एका कागदावर ‘देशमुख’च्या शेवटी केएच, दुसऱ्यावर नुसता के. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे तर पासपोर्ट एका नावाने आणि पॅन दुसऱ्या, असंही असतं. पासपोर्टवर जसं आहे तसं प्रत्येक ठिकाणी भरा, आणि पॅनमधली दुरुस्ती नोंदणी खुली व्हायच्या आधीच करून घ्या. पदवीच्या कागदांवर फरक राहणारच असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ असू द्या.

निवड झाली तर

निवडीचं पत्र आल्यापासून व्हिसाचा अर्ज भरायला २८ दिवस मिळतात. हे दिवस भराभर जातात, म्हणून कागद आधी गोळा करून ठेवावेत: पासपोर्ट, पॅन, पदवी किंवा डिप्लोमाचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका, इंग्रजीचा पुरावा, बँक स्टेटमेंट. मूळ कागद मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भारतात केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि पात्रता लिहिलेली हवी. विद्यापीठाकडून पदवी प्रमाणपत्र हातात पडायला किती वेळ लागतो हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना या २८ दिवसांचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

अर्जाचं शुल्क जुलै २०२५ पासून ६७० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. ते बहुधा दर १ जुलैला वाढतं, म्हणून भरताना चालू आकडा बघावा. अर्ज करताना आणि व्हिसा मिळताना तुम्ही ऑस्ट्रेलियाबाहेर असायला हवं. अर्जानंतर वैद्यकीय तपासणी होते, त्यात छातीचा एक्स-रे असतो. ती ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, आपल्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र चालत नाही. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं, तर ते पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं.

एक गोष्ट अर्ज भरताना मनात पक्की असू द्या. हा व्हिसा मुळात फिरण्याचा आहे, काम हे त्या फिरण्याला हातभार म्हणून.

हंगाम आणि व्हिसाचा मेळ

ऑस्ट्रेलिया दक्षिण गोलार्धात, त्यामुळे तिथला बर्फ जून ते सप्टेंबर. हंगाम जूनमधल्या ‘किंग्ज बर्थडे’च्या लांब सुट्टीला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला आटोपतो. भरती मात्र जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होते. मे महिन्यात शोधायला निघालात तर चांगली कामं आणि कर्मचारी निवासातली खाट, दोन्ही गेलेली असतात.

व्हिसा मिळाल्यापासून बारा महिन्यांत देशात प्रवेश करायचा असतो, आणि मुक्कामाचे बारा महिने प्रवेशाच्या दिवसापासून मोजले जातात. समजा नोव्हेंबरमध्ये व्हिसा हातात आला. लगेच विमानात बसायची गरज नाही. जानेवारी ते मार्चमध्ये नोकरीचे अर्ज आणि मुलाखती इथूनच उरका आणि मेअखेर जा. पुढच्या मेपर्यंत राहता येतं. एका मालकाकडे जास्तीत जास्त सहा महिने काम करता येतं, ही अट स्कीच्या हंगामाला आड येत नाही.

मोठी रिसॉर्ट्स दोन राज्यांत आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये पेरिशर आणि थ्रेडबो, पायथ्याचं गाव जिंडाबाइन. व्हिक्टोरियात माउंट बुलर, फॉल्स क्रीक आणि माउंट हॉथम. अर्ज रिसॉर्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर करावा, शिवाय डोंगरावरची हॉटेलं, लॉज आणि स्की भाड्याने देणारी दुकानं स्वतंत्र भरती करतात. स्की येत नाही म्हणून अर्ज न करणारे खूप भेटतात, पण बहुतेक कामांना ते लागतच नाही. स्वयंपाकघर, हाउसकीपिंग, तिकीट खिडकी, बूट-स्की मापाने देणं, लिफ्ट ऑपरेटर. लिफ्ट ऑपरेटर म्हणजे दिवसभर उघड्यावर उभं राहून येणारी खुर्ची हाताने आवरायची, लहान मुलाला उचलून बसवायचं, कुणी पडलं तर बटण दाबून लिफ्ट थांबवायची आणि मधल्या वेळात चढायच्या जागेवरचा बर्फ फावड्याने सारखा करायचा. अंगमेहनत आहे, थंडी आहे, आणि उशिरा येऊन चालत नाही. शिकवण्याच्या कामाला मात्र प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र लागतं.

बायोडेटा एक-दोन पानी, फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव यांशिवाय. पूर्ण हंगाम थांबणार असाल तर ते तारखांसह वरच लिहा. रिसॉर्टला ऑगस्टमध्ये सोडून जाणारा माणूस नको असतो. बारमध्ये काम हवं असेल तर दारू वाढण्याचं ‘आरएसए’ प्रमाणपत्र काढावं लागतं. ज्या राज्यात काम करणार त्या राज्याचंच काढा.

पैसे आणि हक्क

किमान वेतन जुलै २०२५ पासून तासाला २४.९५ डॉलर आहे, कॅज्युअल (म्हणजे ठरावीक तासांची हमी नसलेल्या) कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त. रिसॉर्टमधल्या अनेक कामांना ‘अल्पाइन रिसॉर्ट्स अवॉर्ड’ या त्या क्षेत्रासाठीच्या वेतन-नियमावलीचे दर लागू होतात. पगार कमी मिळतोय असं वाटलं तर ‘फेअर वर्क ऑम्बुड्समन’ या सरकारी कार्यालयाकडे जाता येतं, व्हिसावर आलेल्यांनाही. दराचा आकडा बघून हुरळून जाऊ नका मात्र. बर्फ उशिरा पडला तर शिफ्ट मिळत नाही आणि राहण्याचं भाडं चालूच राहतं. ते ५,००० डॉलर खरे कामाला येतात ते या पहिल्या आठवड्यांत. निवासाचं भाडं पगारातून कापणार असतील तर किती, हे करारावर सही करण्याआधी विचारा. आरोग्य विमा इथूनच घेऊन जा, भारतीयांना तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेची सवलत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या ४६२ साठी तीन महिने ठरावीक प्रकारचं काम ठरावीक भागात करावं लागतं. पर्यटन आणि हॉटेलचं काम त्यासाठी फक्त उत्तरेकडच्या आणि दुर्गम भागांत धरतात. कामाच्या जागेचा पिनकोड गृहखात्याच्या यादीत आहे का, हे आधीच बघा. रिसॉर्ट डोंगरात आहे म्हणून ते ‘दुर्गम’ होतंच असं नाही.

पोहोचल्यावर पहिलं काम करक्रमांक, म्हणजे टीएफएन, काढण्याचं. तो कर खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. या व्हिसावर पहिल्या ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के कर आहे. तिथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, त्यामुळे जूनची कमाई एका वर्षात आणि जुलैपासूनची पुढच्या वर्षात पडते, आणि विवरणपत्रं दोन भरावी लागतात. पगाराव्यतिरिक्त मालक १२ टक्के ‘सुपर’, म्हणजे निवृत्तीनिधी, भरतो. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ते परत मागता येतं, कर मात्र ६५ टक्के कापला जातो. उरलेला हिस्सा तुमच्या कष्टाचा आहे, तेव्हा अर्ज जरूर करा आणि त्यासाठी सुपर खात्याचा क्रमांक, शेवटची पगारपावती आणि तिथलं बँक खातं निघण्याआधी नीट जपून ठेवा.