रावेर-यावलचं मत: फैजपूरपासून २०२४ पर्यंत

निवडणूक आली की 'जळगाव म्हणजे भाजपचा बालेकिल्ला' हे वाक्य हमखास वाचायला मिळतं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ते अपुरं वाटतं, कारण या बालेकिल्ल्याच्या आधी इथे दुसरा एक किल्ला होता.

१९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते यावल तालुक्यातल्या फैजपुरात. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. गांधीजीही आले होते. शेतकऱ्यावरचा शेतसाऱ्याचा आणि कर्जाचा बोजा हलका करण्याचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. अधिवेशन उभं करण्यात खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी पुढे होते. फैजपूरचं महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. त्यांचे चिरंजीव मधुकरराव, म्हणजे बाळासाहेब चौधरी, पुढे मंत्री झाले आणि १९९० ते १९९५ विधानसभेचे अध्यक्ष होते. इथल्या शेतकरी लेवा पाटीदार समाजाच्या कितीतरी घरांत काँग्रेस ही 'आपली' होती, ती या नात्यातून. शाळा, सोसायटी, साखर कारखाना सगळीकडे तीच माणसं भेटत.

शेजारच्या एदलाबादचं, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरचं, उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. १९६७ ते १९८५ तिथून काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील सलग निवडून आल्या. १९९० ला कोथळीचे एकनाथ खडसे भाजपकडून जिंकले आणि २०१९ पर्यंत आमदार राहिले. मतदारसंघ एकच आणि दोन्ही वेळा एकाच माणसावर लांबलचक विश्वास. भाजप तेव्हा ओबीसी नेतृत्व पुढे आणत होता आणि ओबीसी यादीतल्या लेवा समाजाला खडसे म्हणजे नाथाभाऊंच्या रूपाने मुंबईत आवाज मिळाला. पक्ष नवा होता, पण मत द्यायची रीत जुनीच: आपल्या अडीअडचणीला धावणारा माणूस कोण, ते आधी बघायचं.

म्हणूनच हा पट्टा एका रंगात कधीच पूर्ण रंगला नाही. जळगाव लोकसभेवर १९९१ आणि १९९६ ला भाजपचे गुणवंतराव सरोदे निवडून आले, तर १९९८ ला काँग्रेसचे डॉ. उल्हास पाटील. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात जळगाव आणि एरंडोल, दोन्हीकडच्या भाजप खासदारांची खासदारकी गेली. एकाच जिल्ह्यावर ओढवलेली ती नामुष्की जुन्या लोकांना अजून बोचते. मग २००७ च्या पोटनिवडणुकीत जळगाव भाजपकडे राहिलं, एरंडोल राष्ट्रवादीकडे गेलं.

२००९ पासून रावेर लोकसभा वेगळी झाली आणि तिला बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर जोडलं गेलं. 'रावेरची जागा लेवांची' असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. मराठा, कोळी, गुजर, मुस्लिम, दलित, बंजारा, सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी आणि पावरा या सगळ्यांना बाजूला ठेवून इथे कोणीच निवडून येत नाही. चोपडा विधानसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, भुसावळ अनुसूचित जातींसाठी.

उरलेल्या खान्देशाला तर एकच माप लावताच येत नाही. धुळ्यातून १९५७ मध्ये जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेत गेले, तेव्हा त्या पक्षाचे देशभरात चारच खासदार होते. उलट नंदुरबारने काँग्रेसच्या माणिकराव गावितांना सलग नऊ वेळा दिल्लीला पाठवलं, २०१४ ला भाजपच्या डॉ. हीना गावितांना निवडलं आणि २०२४ ला पुन्हा काँग्रेसचे गोवाल पाडवी निवडून दिले. धुळ्यात त्याच वर्षी निकाल ३,८३१ मतांनी काँग्रेसकडे फिरला.

रावेर विधानसभेत मात्र दोन घरांची चुरस चालूच आहे. बाळासाहेबांचे चिरंजीव शिरीषदादा २००९ ला अपक्ष म्हणून जिंकले, २०१४ ला भाजपचे हरिभाऊ जावळे, २०१९ ला काँग्रेसकडून पुन्हा शिरीषदादा. २०२० मध्ये करोनाने हरिभाऊ गेले. २०२४ ला त्यांचे चिरंजीव अमोल जावळे भाजपकडून उभे राहिले. समोर होते धनंजय चौधरी, धनाजी नानांची चौथी पिढी. जागा जावळ्यांकडे गेली.