वाजवलेलं मिडी कागदावर आणताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नोटेशन (वाजवलेलं कागदावर लिहून) करून घ्यायला मिडी फाइल, म्हणजे कीबोर्डवर वाजवलेल्या नोटांची नोंद, पाठवणारे बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात. ऐकायला एवढं सुरेख वाटतं, मग सॉफ्टवेअरमध्ये स्कोअर उघडला की असा गुंता का दिसतो? वैतागून मग अख्खा ट्रॅक क्वांटाइझ केला जातो, म्हणजे प्रत्येक नोट ओढून नेमक्या तालावर बसवली जाते. स्कोअर थोडा सुधारतो खरा, पण वादनातला जीव जातो. चांगलं वाजवलेलं असं वाया गेलं की आम्हालाही हळहळ वाटते. फाइलला हात लावण्याआधी हे पत्रक एकदा वाचावं, ही विनंती.

गुंता कुठून येतो

मिडीचं मानक १९८३ साली आलं ते वाद्यं एकमेकांना जोडण्यासाठी. कागदावर संगीत लिहिणं हा त्याचा हेतूच नव्हता. त्यामुळे नोटचा नंबर (० ते १२७), ती किती जोरात वाजली, कधी दाबली आणि कधी सोडली, नोटबद्दल एवढंच त्यात नोंदलं जातं. ही क्वार्टर नोट (चार-चारच्या बारमध्ये एक बीट) आहे की डॉटेड एट्थ (पाऊण बीट), पुढे रेस्ट (शांत जागा) आहे की वादकाने बोट जरा लवकर उचललं, यातलं मिडीला काहीच ठाऊक नसतं. ते सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं.

एकच नोट जवळून पाहू. चार-चारचा बार, टेम्पो १२०, आणि एका क्वार्टर नोटचे ४८० टिक (टिक म्हणजे सॉफ्टवेअर वेळ मोजतं तो बारीक तुकडा). दुसऱ्या बीटची नोट ४८० व्या टिकवर पडायला हवी. वादकाने ती ४६० वर वाजवली आणि ८७० वर सोडली. वीस टिक म्हणजे जेमतेम २१ मिलिसेकंद. कानाला ते खटकत नाहीत, उलट लयीत थोडी ओढ येते. आता स्कोअरला सिक्स्टी-फोर्थपर्यंत (बीटच्या सोळाव्या भागापर्यंत) बारीक पाहायला सांगितलं, तर कागदावर काय उमटतं? आधीच्या बीटच्या शेवटी एक सिक्स्टी-फोर्थ, तिला टायने (दोन नोटा एक करणाऱ्या रेघेने) जोडलेली डॉटेड एट्थ, तिलाच जोडलेली आणखी एक सिक्स्टी-फोर्थ आणि उरलेल्या जागेत डॉटेड थर्टी-सेकंडचा रेस्ट. तेच डिस्प्ले क्वांटाइझ, म्हणजे स्कोअर किती बारीक दाखवायचा ते सेटिंग, सिक्स्टीन्थवर (पाव बीटवर) नेलं की नोट नेमक्या बीटवर येते, पण डॉटेड एट्थ आणि सिक्स्टीन्थ रेस्ट अशी दिसते. एट्थवर नेलं की साधी क्वार्टर नोट. या तिन्ही वेळा आवाजात तसूभरही फरक पडलेला नसतो.

दिसणं वेगळं, वाजणं वेगळं

डिस्प्ले क्वांटाइझ फक्त चित्र बदलतं. नुसतं क्वांटाइझ मात्र नोटची जागाच हलवतं, आणि मग ऐकू येणारं वादनही बदलतं. स्कोअर वाचता यावा यासाठी नेहमी पहिलं वापरावं. लॉजिक प्रो, क्यूबेस, रीपर अशा स्कोअर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरांत या सोयींची नावं आणि जागा थोड्या वेगळ्या असतात. आपल्या आवृत्तीत त्या कुठे आहेत ते एकदा शोधून ठेवावं. अख्ख्या गाण्याला एकच सेटिंग लावू नका. संथ मुखड्याला एट्थ चालेल, पण मधल्या झपाट्याच्या तुकड्याला सिक्स्टीन्थ लागेल आणि ट्रिपलेट (दोनाच्या जागेत तीन सारख्या नोटा) असतील तिथे ट्रिपलेटचं.

स्विंग वाजवला असेल तर जोडीतली पहिली एट्थ लांबते, दुसरी आखूड होते. ते जसंच्या तसं लिहिलं तर पान ट्रिपलेटनी भरून जातं. साध्या एट्थ लिहून वर ‘स्विंग’ एवढा शब्द द्यावा. वादकांना तेच सवयीचं असतं.

क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या ठोक्यांशिवाय) वाजवलेल्या फाइलचं दुखणं वेगळं. तिथे बारच्या रेघा आणि वादन यांचा मेळच नसतो, म्हणून डिस्प्ले क्वांटाइझ कितीही फिरवा, उपयोग नाही. आधी वादनाप्रमाणे टेम्पो मॅप करून घ्यावा लागतो. म्हणजे सम जिथे पडली तिथे बार आणायचा. नोटना हात लावायचा नाही. हे काम वेळखाऊ आहे, पण जमलं की पुढचं सगळं आपोआप सुटत जातं.

शार्प की फ्लॅट

मिडीसाठी ६८ नंबरची नोट म्हणजे ६८. वाचणाऱ्याला मात्र ती जी शार्प आहे की ए फ्लॅट हे कळायला हवं. ए मायनरच्या चालीत ई मेजर कॉर्ड आला आणि कागदावर ई, ए फ्लॅट, बी असं छापलं, तर अनुभवी पियानोवादकही क्षणभर थबकतो, कारण कॉर्डचा आकारच मोडतो. आधी की सिग्नेचर बरोबर भरा, मग उरलेल्या नोटा एकेक करून पाहा. सॉफ्टवेअरवर इथे पूर्ण भरवसा ठेवू नये, असं आमचं ठाम मत आहे.

पियानोचे दोन हात

बहुतेक सॉफ्टवेअर मिडल सी, म्हणजे ६० नंबरला दोन भाग करतं. वरचं उजव्या हाताला, खालचं डाव्याला. डावा हात वर चढला की त्याच्या नोटा उजव्याच्या ओळीत घुसतात. शक्य असेल तर दोन हात वेगळ्या ट्रॅकवर किंवा चॅनेलवर ठेवा. एकाच हातात सूर धरून खाली चाल फिरत असेल तर दोन व्हॉइस (एकाच ओळीवर वेगळ्या लिहिलेल्या चाली) करावे लागतात, नाहीतर धरलेल्या सुराचे टायचे तुकडे होतात.

ऑर्केस्ट्राच्या सॅम्पल लायब्ररीत (रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या संग्रहात) कीस्विच म्हणून, म्हणजे नुसती वादनाची पद्धत बदलायला, वाजवलेल्या अगदी खालच्या नोटाही स्कोअरमध्ये जशाच्या तशा उमटतात. त्या वेगळ्या ट्रॅकवर काढा. पिच बेंडने घेतलेली मींड मात्र कागदावर दिसतच नाही. ती ग्लिसांडोच्या रेघेने किंवा शब्दांत आपणच लिहायची. बी फ्लॅट क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेटचा पार्ट दोन सेमीटोन वर लिहिला जातो, आल्टो सॅक्सोफोनचा नऊ. त्यासाठीही डिस्प्लेचं ट्रान्सपोज वापरा. खऱ्या नोटा सरकवल्या तर गाणंच दुसऱ्या पट्टीत वाजेल.

स्कोअरमध्ये बसून एडिट करणं

चुकलेला सूर, हार्मनीतली टक्कर, कॉर्डमधली राहून गेलेली नोट हे सगळं स्कोअरवर झटकन नजरेत भरतं. पियानो रोलमध्ये, म्हणजे नोटा आडव्या पट्ट्यांसारख्या दाखवणाऱ्या खिडकीत, तीच चूक शोधायला वेळ लागतो. म्हणून सुरांची दुरुस्ती स्कोअरमध्ये करा, आणि लांबी, जोर, वेळ यांची पियानो रोलमध्ये. माउसने स्कोअरमध्ये टाकलेली नोट सहसा ठरावीक व्हेलॉसिटीने (जोराने) आणि ग्रिडवर चपखल बसते. आजूबाजूच्या वाजवलेल्या नोटांत ती वेगळी पडते, तेव्हा तिची व्हेलॉसिटी शेजारच्या नोटांशी जुळवून घ्या.

आम्हाला पाठवताना

मिडी फाइल टाइप १ मध्ये काढा. टाइप ० मध्ये सगळे ट्रॅक एकात मिसळतात. सॉफ्टवेअरमध्ये म्युझिकएक्सएमएल (लिखित नोटेशनचा फाइल-प्रकार) एक्सपोर्टची सोय असेल तर तीही फाइल द्या, कारण स्लर, क्लेफ आणि शार्प-फ्लॅटचं लेखन तिच्यात टिकतं, मिडीत बहुतांशी हरवतं. एबलटन लाइव्हसारख्या स्टाफ नोटेशन नसलेल्या सॉफ्टवेअरमधून नुसती मिडी फाइल पुरे. सोबत गाण्याचं ऑडिओ हवंच. शंका आली की आम्ही कानावर विश्वास ठेवतो. पट्टी, टेम्पो, क्लिकवर वाजवलं की मोकळं, आणि कोणता वादक हे वाचणार आहे, हे दोन ओळींत लिहून द्या. शिकाऊ वादकासाठी आम्ही लिहिणं सोपं ठेवतो, स्टुडिओतल्या वादकासाठी बारकावे तसेच राखतो. क्वांटाइझ केलेली फाइल देणार असाल तर त्याआधीची मूळ फाइलही जोडा.