चूक सापडली, सांगायची कुणाला?

लातूरच्या मोंढ्यात काट्याबद्दल शंका आली तर शेतकऱ्याला वैधमापन निरीक्षकाकडे तक्रार करता येते. काटा तपासून त्याचं मुद्रांकन करून घेणं अडत्यालाही टळत नाही. पण त्याच शेतकऱ्याच्या पतसंस्थेच्या अॅपमध्ये खातेक्रमांक बदलला की दुसऱ्याची शिल्लक दिसते, हे पॉलिटेक्निकच्या एखाद्या पोराच्या लक्षात आलं तर? त्याने कुठे जायचं, आणि चारचौघांत बोलायचं की नाही?

हा वाद संगणकाच्याही आधीचा आहे. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कुलूपवाल्याने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप काही मिनिटांत उघडलं. ब्रामाच्या कुलपावर २०० गिनींचं बक्षीस अनेक दशकं दुकानाच्या खिडकीत टांगलेलं होतं. तेही त्याने १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडलं. असं जाहीर दाखवलं तर चोर शिकतील, अशी ओरड झाली. हॉब्जच्या बाजूचं म्हणणं होतं की चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अंधारात असतो तो गिऱ्हाईक.

२ नोव्हेंबर १९८८ ला ‘मॉरिस वर्म’ने, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, इंटरनेट अडवलं आणि त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे समन्वय केंद्र उभं राहिलं. चूक सर्टला कळवायची, सर्ट कंपनीला कळवणार, दुरुस्ती आली की जाहीर करणार. कंपन्या मात्र महिनोन्‌महिने ढिम्म. त्या वैतागातून १९९३ मध्ये ‘बगट्रॅक’ ही ईमेल-यादी सुरू झाली आणि चुकांचा सगळा तपशील उघड्यावर येऊ लागला. कंपन्या हलल्या त्या नामुष्कीच्या भीतीने, हे मान्य करायला हवं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्कॉट कल्प यांनी या उघडेपणाला ‘माहितीची अराजकता’ म्हटलं. कंपनीचा बचाव म्हणून ते सोडून देता आलं असतं, पण पुढे ‘स्लॅमर’ नावाचा वर्म आला. डेव्हिड लिचफील्ड या संशोधकाने मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधली चूक कंपनीला रीतसर कळवली होती. जुलै २००२ मध्ये दुरुस्ती आली, त्यानंतर त्याने एका परिषदेत त्या चुकीतून आत कसं शिरता येतं याचा नमुना कोड दाखवला. जानेवारी २००३ मध्ये त्याच कोडच्या धर्तीवरच्या वर्मने दहा मिनिटांत जगातली बहुतेक दुबळी यंत्रं गाठली. दुरुस्ती येऊन सहा महिने झाले होते, ती बसवली नव्हती एवढंच. नमुना कोड पुन्हा द्यावा का, याचा लिचफील्डने नंतर जाहीरपणे फेरविचार केला. नियम पाळूनही नुकसान झालं, म्हणून या वादातलं हे उदाहरण मला सगळ्यांत अवघड वाटतं.

२०१४ मध्ये गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या चुका शोधणाऱ्या गटाने ९० दिवसांची मुदत रूढ केली: तेवढ्यात कंपनीने दुरुस्ती केली नाही तर चूक जाहीर. जानेवारी २०१५ मध्ये विंडोजची एक चूक दुरुस्तीच्या दोनच दिवस आधी जाहीर झाली, मायक्रोसॉफ्ट चिडली, आणि पुढच्या महिन्यात मुदतीला १४ दिवसांची सवलत जोडली गेली.

आपल्याकडची गोष्ट वेगळीच. हैदराबादचे हरि प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मतदान यंत्रातल्या उणिवा जाहीर केल्या. ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांना घरातून उचलून मुंबईला आणलं. गुन्हा यंत्राच्या चोरीचा होता, आणि यंत्र कुणी दिलं हे सांगायला त्यांनी नकार दिला होता. आठवडाभराने जामीन मिळाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ परवानगीशिवाय संगणकात शिरण्याला आक्षेप घेतं. त्यात लबाडीचा हेतू धरला गेला की कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेतू चांगला होता, हे पोराने ठाण्यात बसून पटवायचं.

शिवाय ९० दिवसांच्या हिशेबात दुरुस्ती आपोआप पोहोचते असं गृहीत धरलेलं आहे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या ‘वॉनाक्राय’ वर्मच्या वेळी, मे २०१७ मध्ये, विंडोजची दुरुस्ती येऊन दोन महिने झाले होते, तरी जगभर यंत्रं अडकली. केज किंवा जिंतूरच्या पतसंस्थेत सॉफ्टवेअरवाल्याचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन येईल तेव्हाच अपडेट होणार असेल, तर अशा ठिकाणी तोडण्याची रीत छापणं मला गैर वाटतं. पण अॅपमध्ये खोट आहे, दुरुस्ती होईपर्यंत ते वापरू नका, एवढं ठेवीदाराला लगेच कळलं पाहिजे. कंपनीने कितीही मुदत मागितली तरी.

आतापर्यंतच्या मुदती चूक शोधणारा आणि सॉफ्टवेअर बनवणारा यांनी आपसांत ठरवल्या. ठेवीदार त्या बोलणीत कधीच नव्हता. भारतात २००४ पासून ‘सर्ट-इन’ हे सरकारी केंद्र आहे आणि चुकीची खबर तिथे देता येते. मात्र कलम ४३ मधली परवानगी संगणकाच्या मालकाची किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याची. पतसंस्थेत ज्याचा पैसा आहे, त्याच्या परवानगीने पोराला ते अॅप तपासता येत नाही.