माहीम

मुंबई बेट शहराच्या वायव्य टोकाला, मिठी नदी अरबी समुद्राला मिळते त्या खाडीच्या दक्षिण काठावर वसलेली माहीम ही जुनी वस्ती मूळच्या सात बेटांपैकी एक होय. आज दादर आणि वांद्रे यांच्यामधील रेल्वेचे एक स्थानक म्हणून ती ओळखली जात असली, तरी फोर्ट भागात इंग्रजांची वखार उभी राहण्याच्या कित्येक शतके आधी बेटांचा कारभार येथून चालत असे. पालघर जिल्ह्यातील केळवे-माहीम हे गाव निराळे. दोहोंची गल्लत जुन्या लेखनातही आढळते.

परंपरेनुसार बिंब राजाने येथे राजधानी वसवली. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त ही हकीकत येते, आणि पाठारे प्रभू व पाचकळशी या समाजांत आपल्या पूर्वजांचे आगमन याच राजाशी जोडले जाते. पुढे माहीम गुजरातच्या सुलतानांचे ठाणे बनले. कुराणाचे भाष्यकार मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) याच काळातले. डिसेंबरात त्यांच्या दर्ग्याजवळ भरणाऱ्या जत्रेत पहिल्या चादरीचा मान मुंबई पोलिसांचा असतो. जत्रेला सर्व धर्मांचे लोक येतात, आणि माहीमच्या स्वभावाची खरी ओळख येथेच पटते.

१५३४ च्या तहाने हा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला. सेंट मायकेल चर्चची स्थापना त्याच शतकातली, आजची इमारत मात्र १९७३ ची. मराठ्यांनी साष्टी जिंकली तेव्हा, १७३९ नंतर, वांद्र्याच्या मोतमाउलीची, म्हणजे मेरीमातेची, मूर्ती काही वर्षे येथे ठेवली होती. दर बुधवारी या चर्चमध्ये नोव्हेना या ख्रिस्ती प्रार्थनेसाठी गर्दी होते. त्या दिवशी सकाळपासून फुले व मेणबत्त्या विकणाऱ्यांनी पदपथ भरून जातो. शीतलादेवीचे देऊळही जवळच आहे.

खाडीच्या मुखावरील किल्ल्याचे काम वांद्र्याकडून होणाऱ्या ये-जा आणि मालावर नजर ठेवण्याचे होते. पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, पण त्या आंदणात माहीम येते की नाही यावरून पोर्तुगिजांशी वाद झाला; खाडी ओलांडण्याची, जकातीचे उत्पन्न देणारी ही जागा सोडण्यास ते सहजी तयार नव्हते. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली तेव्हा माहीमही त्याच्या हाती पडले. किल्ल्याचा तट आज भरतीच्या माऱ्याने जागोजाग खचला आहे आणि आतील झोपड्या अलीकडेच हटवण्यात आल्या. डागडुजीला आणखी विलंब लागल्यास समुद्राकडील बुरूज वाचणे कठीण आहे.

खाडी होडीनेच ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात हा प्रवास जीवघेणा ठरे. सरकार खर्च करण्यास नाखूश असताना जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले, आणि १८४५ मध्ये माहीम-वांद्रे बंधारा रस्ता खुला झाला. या रस्त्यावर टोल घेऊ नये अशी त्यांची अट होती. मुंबईच्या उपनगरांची वाढ या रस्त्याने सुकर केली, हे त्या देणगीचे मोठे फळ.

पूर्वी येथील उत्पन्न नारळाच्या वाड्या, भंडाऱ्यांची माडी आणि कोळ्यांची मासेमारी यांतून येई. वाड्या गेल्या, कोळीवाडा टिकून आहे. बाजारातील मिठायांत माहीमचा हलवा प्रसिद्ध आहे: शिजवलेला गोड गोळा लाटण्याने कागदाएवढा पातळ पसरतात, त्याचे चौकोन कापतात आणि चिकटू नयेत म्हणून प्रत्येक दोन थरांमध्ये तेलकट कागद घालतात.

खाडीकाठी अजून तिवरांचे पट्टे आहेत. पलीकडे धारावीच्या बाजूला पूर्वीच्या कचराभूमीवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान फुलवण्यात आले असून तेथे पक्ष्यांची चांगली वर्दळ असते. मिठी नदीतून मात्र शहराचे सांडपाणी वाहत येते, आणि त्याची झळ सर्वप्रथम कोळ्यांच्या जाळ्यांना लागते, कारण किनाऱ्यालगत मासळी मिळेनाशी झाल्याने त्यांना होड्या घेऊन अधिक खोल पाण्यात जावे लागते.